हॅल ब्लेन: फोन वाजायचा थांबल्यानंतरची वर्षं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हॅल ब्लेनचा विषय काढला की मला तेच तेच प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे तरी एका फॉरवर्डवरून आलेले असतात, की "चाळीस नंबर वन गाणी वाजवलेला ड्रमर शेवटी वॉचमन म्हणून गरिबीत मेला". ही गोष्ट अर्धी खरी आहे, आणि अर्धी खरी आहे म्हणूनच ती मला जास्त टोचते. त्यामुळे सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. फक्त वॉचमनचंच बघायचं असेल तर सरळ प्रश्न ८ वर जा, पण आधीचं वाचलंत तर ते का झालं हे जास्त कळेल.

१. हॅल ब्लेन कोण? मी तर नाव पण ऐकलेलं नाही.

नाव ऐकलं नसेल पण त्याला ऐकलंय नक्की. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये जी गाणी बनली, त्यातल्या प्रचंड गाण्यांवर ड्रम त्याने वाजवलेत. एल्व्हिस प्रेस्ली, फ्रँक सिनात्रा, नॅन्सी सिनात्रा, बीच बॉइज, बर्ड्स, सायमन अँड गारफंकल, ममाज अँड पापाज, कार्पेंटर्स, जॉन डेन्व्हर, यादी लांबतच जाते. 'बॅटमॅन' या टीव्ही मालिकेच्या १९६६ च्या थीमवर पण तोच.

खरं नाव हॅरल्ड सायमन बेल्स्की. जन्म ५ फेब्रुवारी १९२९, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं होलिओक गाव, पूर्व युरोपातून आलेलं ज्यू कुटुंब. पुढं शिकागोत रॉय नॅप यांच्या शाळेत तो रीतसर शिकला, म्हणजे नोटेशन समोर ठेवलं की बघता बघता वाजवणार असं शिक्षण, आणि रात्री तिथल्याच क्लबांमध्ये वाजवून पोट भरायचा. मुळात जॅझवाला माणूस. रॉक अँड रोल आलं तेव्हा त्याच्या आधीच्या पिढीतल्या बऱ्याच वादकांनी नाकं मुरडली, यानं मुरडली नाहीत, आणि त्यातच त्याचं पुढचं आयुष्य ठरलं.

२. सेशन ड्रमर म्हणजे नक्की काय? बँडमध्ये एक ड्रमर आणि रेकॉर्डवर दुसराच, असं कसं चालायचं?

राजरोस चालायचं. स्टुडिओचं भाडं तासावर, आणि वादकांच्या युनियनच्या नियमाप्रमाणे एक सेशन साधारण तीन तासांचं. त्या तीन तासांत दोन तीन गाणी पक्की व्हायला पाहिजेत. नवीन पोरांच्या बँडला एका गाण्यालाच दिवस जायचा. म्हणून कंपनी फोन करून तयार माणसं बोलवायची, ते यायचे, चार्ट (गाणं लिहिलेला कागद) बघायचे, वाजवायचे आणि पुढच्या स्टुडिओत जायचे. कव्हरवर फोटो बँडचा.

बर्ड्सचं 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' (१९६५) घ्या, त्यात वाद्य वाजवणारा बँडचा माणूस एकच, रॉजर मॅग्विन. बाकी सगळे सेशनवाले आणि ड्रमवर हॅल.

तेजीच्या काळात तो दिवसाला तीन तीन, चार चार सेशन करायचा. त्याच्याकडे ड्रमचे एकापेक्षा जास्त सेट होते आणि ते हलवायला माणूस ठेवलेला, म्हणजे हा एका स्टुडिओत वाजवत असताना दुसऱ्या स्टुडिओत सेट लागून तयार. आणि त्याचा एक रबरी शिक्का होता, ज्या चार्टवरून वाजवलं त्यावर तो उठवायचा: "हॅल ब्लेन स्ट्राइक्स अगेन". गंमत म्हणून केलेलं ते, पण ज्या धंद्यात रेकॉर्डवर तुमचं नाव छापत नाहीत तिथं कागदावर तरी आपलं नाव उमटावं हे मला फार समजण्यासारखं वाटतं.

३. म्हणजे बीच बॉइजचा डेनिस विल्सन ड्रम वाजवतच नव्हता?

वाजवायचा. स्टेजवर तोच असायचा आणि सुरुवातीच्या बऱ्याच रेकॉर्डवर पण तोच आहे, त्याला खोटा ड्रमर म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडतो. पण त्याचा भाऊ ब्रायन विल्सन जसजसं अवघड लिहायला लागला तसतसं स्टुडिओत हॅलला बोलवायला लागला, आणि १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमवर बहुतेक ठिकाणी हॅल आहे. डेनिसला याचं वाईट वाटायचं नाही असं हॅलच सांगायचा, कारण हॅल दुपारी स्टुडिओत जे कमवायचा त्याच्या कितीतरी पट डेनिस त्याच रात्री एका कार्यक्रमात कमवायचा. हे वाक्य तो हसत सांगायचा. पण पुढं जे झालं ते समजायचं तर हाच हिशोब लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये तो परत येणार आहे.

४. त्याचा हात ओळखू येईल अशी एखादी जागा सांगा ना.

रोनेट्सचं 'बी माय बेबी', १९६३. निर्माता फिल स्पेक्टर, स्टुडिओ गोल्ड स्टार, हॉलिवूडमध्ये सँटा मोनिका बुलेव्हार्ड आणि व्हाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. गाणं सुरू होतं तेच नुसत्या ड्रमवर: धुम्, धु-धुम्, टॅक. परत धुम्, धु-धुम्, टॅक. चार मात्रांचा ठेका आहे, रॉकमध्ये साधारण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (तो 'टॅक' वाजणारा ड्रम) पडतो, इथं मात्र दुसरी मात्रा रिकामी सोडलीय आणि टॅक फक्त चौथीवर. त्या रिकाम्या जागेमुळे छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं आणि मग टॅक येऊन ते सुटतं. हॅल नंतरच्या मुलाखतींमध्ये सांगायचा की हे ठरवून केलं नव्हतं, काठी चुकली, दुसरा ठोका राहिला, आणि मग तो तसाच वाजवत गेला. त्या ठेक्याची नक्कल आजतागायत चालू आहे, जीझस अँड मेरी चेनच्या 'जस्ट लाइक हनी' (१९८५) ची सुरुवात ऐका, सरळ तोच आहे.

आणखी दोन जागा. 'पेट साउंड्स'चं शेवटचं गाणं 'कॅरोलाइन, नो', त्याच्या सुरुवातीला जो पोकळ टुक् आवाज येतो ते ड्रम नाहीच, पिण्याच्या पाण्याचा मोठा रिकामा जार उलटा धरून हॅलनं वाजवलाय.

दुसरी म्हणजे सायमन अँड गारफंकलचं 'द बॉक्सर'. त्यात "लाय ला लाय" नंतर जो तोफेसारखा धडाका होतो तो न्यूयॉर्कला कोलंबियाच्या स्टुडिओत बाहेर पॅसेजमध्ये, लिफ्टच्या शेजारी ड्रम मांडून घेतलाय, कारण तिथं आवाज घुमायचा. हॅल हेडफोन लावून बसलेला, बरोबर जागेवर जीव खाऊन ठोका मारला, आणि नेमका त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडून एक म्हातारा सिक्युरिटी गार्ड बाहेर येत होता, तो जाम दचकला. हा किस्सा सगळे हसायला सांगतात. मला मात्र तो गार्ड लक्षात राहतो, कारण पुढं काही वर्षांनी हॅलनं स्वतःच तो युनिफॉर्म घातला.

५. चाळीस नंबर वन हा आकडा खरा आहे का?

अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलेली ४० गाणी आणि पहिल्या दहात गेलेली साधारण १५०, हे सगळीकडे छापलं जातं. कोणी ३९ म्हणतं कोणी ४०. एक-दोनचा फरक पडतो कारण तेव्हा सिंगलवर वादकांची नावं छापायचेच नाहीत. मग पुरावा काय, तर युनियनकडे भरलेले सेशनचे कागद (कोण आलं, किती तास, किती पैसे), टेपच्या डब्यांवरच्या नोंदी, आणि लोकांच्या आठवणी. त्यात स्पेक्टरसारखा निर्माता एकाच गाण्यावर ढीगभर वादक बसवायचा, मग कागदावर नाव आहे म्हणजे ड्रमच वाजवला की पर्कशनला (खुळखुळे, टॅम्बोरिन वगैरे) होता हा पण घोळ. ३५,००० रेकॉर्डिंग हा आकडा पण तुम्हाला दिसेल, तो मोजून काढलेला आकडा म्हणून घेऊ नका. चाळीसचा विचार करा ना, चाळीस पण अचाट आहे.

६. 'रेकिंग क्रू' हे त्यांच्या ग्रुपचं नाव होतं ना?

तसा ग्रुप नव्हताच. वीस-तीस वादकांचं सैलसर वर्तुळ होतं, त्यात बास गिटारवर कॅरल के आणि जो ऑस्बोर्न, पियानोवर लॅरी नेक्टल, गिटारवर टॉमी टेडेस्को आणि ग्लेन कॅम्पबेल, ड्रमवर हॅलच्या जोडीला अर्ल पामर. हॅलचं म्हणणं असं की सूट-टाय घालणारे जुने वादक यांच्या जीन्स-टीशर्टकडे बघून म्हणायचे की ही पोरं धंद्याची वाट लावणार, त्यावरून नाव पडलं ('रेकिंग' म्हणजे वाट लावणारी). कॅरल केचं ठाम म्हणणं की त्या काळात हे नाव कोणीच वापरत नव्हतं, हॅलनं नंतर आपल्या १९९० च्या पुस्तकातून ते रुळवलं. मला दोन्ही बाजूंबद्दल आदर आहे, पण कॅरल केचा राग खरा आहे हे लक्षात घ्या, आयुष्यभराचं काम दुसऱ्यानं ठेवलेल्या नावाखाली ओळखलं जाणं हे कोणालाही झोंबेल.

७. एवढं काम असलेल्या माणसाचं काम थांबलं कसं?

एका दिवसात थांबलं नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो जोरात होता. १९७५ चं कॅप्टन अँड टेनिलचं 'लव्ह विल कीप अस टुगेदर' त्याचंच. त्याच सुमाराला जॉन डेन्व्हरच्या रेकॉर्डवर पण तो होता आणि त्याच्या दौऱ्यांवर पण गेला, म्हणजे वर्षानुवर्षं बंद खोलीत वाजवलेला माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर भरलेल्या मैदानांसमोर वाजवत होता.

मग एकेक गोष्ट होत गेली. बँड आता स्वतःच वाजवायला लागले आणि लोकांनाही तेच हवं होतं, कव्हरच्या मागं नाव कोणाचं आहे ते वाचणारी पिढी आली होती. गायक-गीतकार आपापली ठरलेली टीम घेऊन यायला लागले. नवीन ड्रमर आले, जिम केल्टनर, रस कंकेल, जेफ पोरकारो, आणि निर्मात्यांना त्यांचा आवाज पाहिजे होता. आणि १९८० साली रॉजर लिनचं एलएम-१ हे ड्रम मशीन आलं, ज्यात खऱ्या ड्रमचे आवाज भरलेले होते. जिंगल वाजवायची तर आता माणूस कशाला पाहिजे?

यात कोणी व्हिलन नाही बरं का. पंधरा वर्षांपूर्वी हॅलच्या पिढीनं सूट-टायवाल्यांचं काम असंच घेतलं होतं, हे तो पण जाणून होता. पण या कामाची एक वाईट गोष्ट आहे, तुम्हाला कोणी काढून टाकत नाही, निरोप समारंभ नाही, पत्र नाही, नुसता फोन वाजायचा कमी होतो. आधी दिवसाचे चार, मग आठवड्याचे चार, मग महिन्यात एखादा. १९८० च्या दशकात तो जाहिरातींच्या जिंगल्स आणि सुटंसुटं काम करत होता. ज्या गोल्ड स्टार स्टुडिओत 'बी माय बेबी' झालं तो १९८४ मध्ये बंदच पडला.

८. तो खरंच वॉचमन झाला होता का?

हो. अ‍ॅरिझोनात त्यानं काही काळ सिक्युरिटी गार्डची नोकरी केली. तेजीत त्याच्याकडे हॉलिवूडमध्ये मोठं घर होतं, भारी गाडी होती, बोट होती. मग घटस्फोट झाला, त्यात बहुतेक सगळं गेलं, आणि ते बरोबर त्याच काळात जेव्हा काम आटत होतं. भिंतीवरच्या गोल्ड रेकॉर्ड पण विकाव्या लागल्या. हे कोणी शोधून काढलेलं गुपित नाही, त्यानं स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलंय, आणि लाजत नाही सांगितलेलं.

पण फॉरवर्डमध्ये जे जोडलेलं असतं की तो तसाच मेला, ते साफ चूक आहे. तो नव्वद वर्षं जगला आणि गार्डच्या नोकरीनंतर त्याच्या आयुष्यात कितीतरी झालं (प्रश्न १२ ते १४). आणि अजून एक, गार्डची नोकरी ही काही बेइज्जती नाही. भाडं भरायचं होतं, काम मिळालं ते केलं. जे लोक ही गोष्ट "बिच्चारा" म्हणून पाठवतात त्यांना मी हेच लिहितो.

९. पण गाणी तर अजून वाजतात, रॉयल्टी नाही मिळायची का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. सेशनवाल्याला रॉयल्टी नसते, त्याला तीन तासांचा ठरलेला दर मिळतो. हॅलला मागणी इतकी होती की पुष्कळदा दुप्पट दर मिळायचा, पण दुप्पट दर म्हणजे पण तासांचेच पैसे, गाणं कोटी खपलं तरी चेक तेवढाच. आणि अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला जातात, वाजवणाऱ्याला सोडाच, गाणाऱ्याला पण नाही.

काही वाटा होत्या. जुनी रेकॉर्ड सिनेमात किंवा जाहिरातीत वापरली तर युनियनच्या नियमानं वादकांना परत पैसे द्यावे लागतात, पण त्यासाठी तेव्हाचा सेशनचा कागद भरलेला असायला हवा. युनियनची पेन्शन होती. आणि १९६४ पासून कंपन्या एका फंडात पैसे टाकतात जो दरवर्षी वादकांना वाटला जातो, पण तो वाटा ठरतो तुमच्या गेल्या पाच वर्षांतल्या सेशनवरून. म्हणजे बघा, काम भरपूर असताना तो चेक चांगला येतो, काम थांबलं की चार-पाच वर्षांत तो पण विरघळत जातो. ज्या वर्षी सगळ्यात जास्त गरज त्याच वर्षी सगळ्यात कमी. ही रचनाच तशी आहे, आणि हॅलचं १९८० चं दशक समजायला घटस्फोटाच्या जोडीनं हे पण बघावं लागतं.

१०. आता तर स्ट्रीमिंग आणि डिजिटल रेडिओचे पैसे वादकांना मिळतात असं वाचलं. हॅलला मिळाले का?

इथं एक मोठी मेख आहे. अमेरिकेत सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओच्या पैशांतले ५ टक्के सेशन वादक आणि कोरस गाणाऱ्यांसाठी राखलेले आहेत. म्हणजे अगदी हॅलसारख्यांसाठीच. पण जुना केंद्रीय कायदा फक्त १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या रेकॉर्डिंगना लागू होता. हॅलचं बहुतेक सोनं त्या तारखेच्या आधीचं! 'बी माय बेबी', 'पेट साउंड्स', 'मिसेस रॉबिन्सन', सगळंच बाहेर.

हा फरक मिटवणारा कायदा ऑक्टोबर २०१८ मध्ये सही होऊन आला. हॅल मार्च २०१९ मध्ये गेला. पाच महिने. मी या तारखा पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहून बघितल्या तेव्हा बराच वेळ नुसता बसून होतो.

(मागणीनुसार गाणं ऐकायची ॲप्स यात येत नाहीत, तिथले पैसे कंपनीच्या करारांवर चालतात. म्हणून "स्ट्रीमिंग" असं सरसकट म्हणू नका.)

११. सलग सहा वर्षं ग्रॅमी मिळाला म्हणतात, मग घर भरून ट्रॉफ्या असतील ना?

नीट वाचा, ग्रॅमी *गाण्याला* मिळाला. १९६६ ते १९७१ असे सलग सहा समारंभ 'रेकॉर्ड ऑफ द इयर' ठरलेल्या सहाही गाण्यांवर ड्रमला हॅल होता: 'अ टेस्ट ऑफ हनी', 'स्ट्रेंजर्स इन द नाइट', 'अप, अप अँड अवे', 'मिसेस रॉबिन्सन', 'अक्वेरियस / लेट द सनशाइन इन' आणि 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. पुढं १९७५ चं 'लव्ह विल कीप अस टुगेदर' धरून सात. पण ती ट्रॉफी कलाकार आणि निर्मात्याची, वादकाची नाही.

आणि यातलं पहिलंच बघा. हर्ब अल्पर्टच्या 'अ टेस्ट ऑफ हनी' मध्ये सुरुवातीचा भाग थांबतो आणि नुसते बेस ड्रमचे सरळ ठोके येतात, मग सगळे एकदम सुटतात. थांबल्यावर परत एकत्र घुसायला वादकांचं जमत नव्हतं म्हणून हॅलनं मोजून दाखवल्यासारखे ते ठोके दिले, आणि ते इतके भारी वाटले की तसेच ठेवले. म्हणजे गाण्याची ओळख झालेली गोष्ट त्याची, आणि ट्रॉफीवर तो नाही.

त्याला स्वतःच्या नावानं ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला २०१८ मध्ये. वय ८९.

१२. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तो कधी गेला? आधी का नाही?

२००० साली, ६ मार्चला न्यूयॉर्कच्या समारंभात. आधी नव्हता कारण आधी तशी जागाच नव्हती, बाजूला बसून वाजवणाऱ्यांसाठी वेगळा विभाग त्याच वर्षी सुरू झाला. पहिल्या तुकडीत पाच जण: सॅक्सोफोनचा किंग कर्टिस, डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमर्सन, एल्व्हिसचा गिटारवाला स्कॉटी मूर, आणि दोन ड्रमर, अर्ल पामर आणि हॅल ब्लेन. कर्टिस आणि जेमर्सन तेव्हा हयात नव्हते. हॅल ७१ वर्षांचा होता आणि स्वतःच्या कानांनी ऐकायला तिथं होता. या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट हीच.

१३. या वादकांवरची 'द रेकिंग क्रू' ही डॉक्युमेंटरी कुठली? २००८ ची की २०१५ ची?

एकच आहे. टॉमी टेडेस्कोच्या मुलानं, डेनी टेडेस्कोनं, वडिलांना कॅन्सर झाल्यावर १९९६ मध्ये शूट करायला सुरुवात केली, वडील १९९७ मध्ये गेले. फिल्म २००८ मध्ये महोत्सवात दाखवली, पण त्यात शंभराहून जास्त गाणी, त्या सगळ्यांच्या हक्कांचे पैसे भरल्याशिवाय थिएटरला लावता येईना. लोकांकडून वर्गणी गोळा करून ते फेडलं आणि २०१५ मध्ये ती रीतसर बाहेर आली. हॅल त्यात भरभरून बोललाय, प्रश्न ८ मधलं तिथंच आहे. फिल्मच्या निमित्तानं त्याला परत लोकांसमोर जायला मिळालं, नवीन पोरं भेटायला लागली. आणि तो जोक सांगण्यात एक नंबर होता, माइक हातात आला की सोडायचा नाही.

१४. म्हातारपणी वाजवायचा का?

हळूहळू कमी. सेशनचं काम जवळपास संपल्यावर त्याचं काम म्हणजे शिकवणं, ड्रमरांच्या मेळाव्यांमध्ये प्रात्यक्षिक, मुलाखती, आठवणी. ड्रमरांमध्ये त्याचा मान कधीच कमी झालेला नव्हता, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. त्यानं १९६० च्या दशकात स्वतःसाठी एक प्रचंड सेट बनवून घेतला होता, नेहमीच्या दोन-तीन टॉमऐवजी (टॉम म्हणजे सेटमधले घुमणारे ड्रम) लहान ते मोठे अशी टॉमची रांगच, त्याला तो 'मॉन्स्टर' म्हणायचा. ड्रम बनवणाऱ्या लुडविग कंपनीचा ऑक्टा-प्लस हा सेट त्याच कल्पनेवरून आला, आणि नंतर रॉकच्या स्टेजवर तसे भलेमोठे सेट सगळीकडे दिसायला लागले.

मध्येच एक छान गोष्ट घडली. एल्व्हिसचं १९६८ चं 'अ लिटल लेस कॉन्व्हर्सेशन', मूळ ड्रमवर हॅल, त्याचा २००२ मध्ये रिमिक्स आला आणि इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेला. ७३ वर्षांच्या माणसाचं ३४ वर्षांपूर्वीचं काम, आणि क्लबमध्ये नाचणाऱ्या पोरांना पत्ता नाही.

१५. अमुक गाणं त्याचंच आहे ना? (हे रोज येतं.)

जी चुकीची नावं सारखी येतात तेवढी सांगतो. 'यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन' (१९६४) मध्ये ड्रम अर्ल पामरचे, हॅलचे नाहीत. मंकीजच्या काही गाण्यांवर हॅल आहे, पण 'आय ॲम अ बिलीव्हर' न्यूयॉर्कला झालं, तिथं तो नव्हता. कार्पेंटर्समध्ये कॅरन स्वतः उत्तम ड्रमर होती आणि बरंच तिनंच वाजवलंय, पण 'क्लोज टू यू' आणि 'वी हॅव ओन्ली जस्ट बिगन' हॅलचे. मोटाउनची डेट्रॉइटमध्ये झालेली गाणी वेगळ्याच टीमची. शंका असेल तर आधी गाणं कुठल्या शहरात झालं ते बघा, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

१६. आईचा खून केलेला ड्रमर तो हाच का?

नाही, नाही. तो जिम गॉर्डन. हॅलच्याच हाताखाली पुढं आलेला, हॅलला वेळ नसला की हॅल त्याचं नाव सुचवायचा, आणि फार मोठा ड्रमर. त्याला स्किझोफ्रेनिया होता, १९८३ मध्ये ती भयंकर घटना झाली, आणि तो मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात तुरुंगाच्या वैद्यकीय केंद्रात गेला. दोघांची गोष्ट एकत्र करून पाठवू नका, दोघांवर पण अन्याय होतो.

१७. शेवट कसा झाला?

११ मार्च २०१९, पाम डेझर्ट, लॉस एंजेलिसपासून साधारण २०० किलोमीटरवरचं वाळवंटातलं गाव. वय ९०, नव्वदावा वाढदिवस होऊन महिना झालेला. नैसर्गिक मृत्यू. मागे मुलगी आणि सात नातवंडं. ब्रायन विल्सननं लिहिलं की हॅलनं आपल्याला खूप शिकवलं, आपल्या यशात त्याचा फार मोठा वाटा होता, आणि आम्ही खूप हसायचो.

घरच्यांनी निवेदन काढलं त्यात एक ओळ होती, की तो कायम दोन आणि चारवर विसावू दे. ड्रमरच्या घरचीच माणसं असं लिहू शकतात. दोन आणि चार म्हणजे स्नेअरच्या मात्रा, ज्यावर त्यानं आयुष्य काढलं.

१८. मला काहीच माहीत नाही, ऐकायला कुठून सुरुवात करू?

चांगला हेडफोन घ्या, फोनच्या स्पीकरवर बेस ड्रम कळत नाही. आधी 'बी माय बेबी', फक्त पहिले दहा सेकंद, चार-पाच वेळा. मग 'अ टेस्ट ऑफ हनी' मधले ते सरळ ठोके. मग 'द बॉक्सर', आवाज जरा बेतानं ठेवा नाहीतर तुम्ही पण त्या गार्डसारखे दचकाल. मग 'कॅरोलाइन, नो'. मग 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', हे शेवटी, कारण यात तो बराच वेळ काही करतच नाही. पियानो आणि गाणं चालू राहतं, हॅल थांबलेला असतो. शेवटच्या कडव्यात तो येतो, आणि त्या धडाक्याच्या मागं एक खरखरीत, ओढल्यासारखा आवाज आहे तो नीट ऐका: त्या बर्फात टायरला बांधायच्या लोखंडी साखळ्या आहेत. त्यानं गाडीतून काढून आणल्या आणि सिमेंटच्या फरशीवर आपटल्या.